उतारावर न्यूट्रल आणि घरात अबोला

प्रश्न : एका दिवसासाठी आम्ही पाच जण डोंगरावर गेलो होतो. गाडी पती चालवत होते, शेजारी सासरे, मागे मी, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. चढताना मुलीला दोनदा उलटी झाली, वर नुसतं धुकं, म्हणून लवकरच परत फिरलो. उतार लागल्यावर सासरे म्हणाले, "न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचतं." सात-आठ वळणांनंतर करपल्यासारखा वास यायला लागला आणि ब्रेक दाबला की पार खाली जायला लागला. मी ओरडले, "गिअर टाका!" यांनी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं, पण गाडी आवरली. पाऊण तास थांबल्यावर ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा! दुसऱ्या दिवशी मेकॅनिकलाही काही सापडलं नाही. सासरे म्हणतात, "काही झालंच नव्हतं, सूनबाई उगाच घाबरली." चार दिवस घरात अबोला आहे. मला खरंच भास झाला का?

उत्तर : भास नाही हो. ब्रेक गेला होता आणि तो परतही आला, दोन्ही खरं आहे. सगळं भांडण त्या परत येण्यामुळेच झालंय.

पाच माणसं धरून तुमची गाडी दीड टनाच्या आसपास भरेल. ती ६०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात पंचवीसेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी गिअरमध्ये असती तर यातला बराचसा भार इंजिनानं उचलला असता. न्यूट्रलमध्ये तो जवळजवळ सगळा ब्रेकवर आला. तुम्हाला वास आला तो ब्रेकच्या तापलेल्या पॅडचा.

ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत, म्हणजे पायाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या तेलापर्यंत, पोचते. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. नवं कोरं डॉट ४ दर्जाचं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं मात्र १५५च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. गाडी थांबवून गार केलीत की बुडबुडे विरतात, पॅडल पुन्हा कडक. मेकॅनिकनं गार गाडी तपासली, त्याला काय सापडणार?

आता पेट्रोल. सासऱ्यांचा हिशेब कार्बोरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, काळातला आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारं इंधन बहुतेक वेळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायच्या नादात थोडं जास्तच जाळलंत! ते किंचाळणंही मनावर घेऊ नका. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा लाल पट्ट्यात गेला नसेल तर इंजिनाला काही होत नाही. आणि हो, तुमच्या यजमानांनी एकेक गिअर उतरवला हे फार शहाणपणाचं केलं. तेही न बोलणाऱ्यांत असतील तर एवढं त्यांना वाचून दाखवा.

माझे वडील याच्याही पुढचे. ते उतारावर इंजिनच बंद करायचे. शेजारी बसून मी गाडी शिकले ती अशी! इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. किल्ली काढली तर स्टिअरिंगही अडकू शकतं. हे मी त्यांना दहादा सांगितलं. त्यांचं उत्तर एकच, "तीस वर्षं चालवतोय."

पुन्हा डोंगरात जाल तेव्हा ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. वास आला की लगेच सपाट जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकेल. तरीही पॅडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, गिअर उतरवत जा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हिसका देऊन नाही.

मुलीच्या हातात मोबाइल होता का? असेल तर उलट्यांचं मूळ बहुधा त्यातच. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानाच्या आतला तोल वळणांवर, दोघांचं जुळत नाही. मागच्या सीटवर मधोमध बसवा, समोर लांबवर बघू दे.

गॅरेजमध्ये मात्र परत जावंच लागेल. ब्रेक ऑइल बदलून घ्या, ते तसंही दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि पॅड काढून काचेसारखे गुळगुळीत झालेत का बघायला सांगा. जाताना सासऱ्यांना बरोबर न्या. जुनं तेल पारदर्शक बाटलीत काढायला लावा आणि शेजारी नवं धरा. आमच्याकडे जुनं कोऱ्या चहासारखं निघालं होतं. वडिलांनी बाटली दोनदा उजेडात फिरवून बघितली, काही बोलले नाहीत. परतीच्या उतारावर त्यांचा हात गिअरकडे गेला आणि आपसूक तिसरा पडला.