ओटीवरून खाली उतरून वाच

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. दहा दिवसांची रजा काढून एसटीने खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंत उतरत जायचं आणि जिथे मुक्काम, तिथलंच पुस्तक वाचायचं, हा बेत वाचून मला फार बरं वाटलं. वर्गात मी ही गावं नुसती फळ्यावर लिहीत होते. तू ती वाट पायाखाली घालायला निघालीस. पण तुझ्या यादीत नऊ पुस्तकं आहेत. नऊ नकोत. तीन घे.

'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड पाठीवर घेऊन हिंडू नकोस. पहिला घरी संपव, दुसरा बरोबर ठेव. श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९८७ सालची. तुंबाड खेड तालुक्यात खरंच आहे आणि जगबुडीही खरी आहे. ती पुढे वाशिष्ठीला मिळते आणि पाणी दाभोळला समुद्रात जातं. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या नदीला भरती येते, हे घाटावरच्या माणसाला पटकन उमगत नाही. तुला ते डोळ्यांनी बघायचं आहे. आमच्याकडचा जुना हिशेब सांगते : तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, द्वादशीला नऊच्या. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. खाडीत आत जावं तशी वेळ पुढे सरकते. तेव्हा कालनिर्णय बघून निघ आणि एकाच धक्क्यावर दोनदा जा, एकदा भरतीला आणि एकदा सुकतीला, म्हणजे ओहोटीला.

भरतीला खाडी काठोकाठ असते. गलबतं, पडाव, माल, माणसं कशी वर येत असतील ते न सांगता कळतं. कादंबरीतली बरीचशी खाडी ही अशी भरलेली खाडी आहे. सहा तासांनी ये. चिखल उघडा पडलेला, तिवरांच्या मुळांची टोकं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली. समुद्राच्या बाजूला उतरलीस तर खडकांशी ओणव्या झालेल्या बायका दिसतील, हातात छोटी कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या. कालवाचं शिंपलं खडकाला असं घट्ट धरून असतं की कोयतीचं टोक नेमकं फटीत बसावं लागतं, चुकलं की बोट कापतं. त्यांच्यापैकी एखादीचे हात जवळून बघ. आणि मग रात्री पुस्तक उघडून त्यात त्या बाईला शोध.

हे मला फार उशिरा सुचलं. माझं वय तुझ्याएवढं होतं, पेंडशांचं 'गारंबीचा बापू' पाठ झाल्यासारखं होतं, आणि मी त्या भागात हिंडायला गेले. गारंबी नकाशावर मिळायची नाही हे ठाऊक होतं, पण पेंडशांच्या मुर्डीच्या आसपास तसं काहीतरी सापडेल असं वाटत होतं. एका वाडीत एक म्हातारी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवत होती. शेणाचा गोळा पाण्यात कालवून ती हाताने अर्धवर्तुळं काढत मागे मागे सरकत होती. मी तिला विचारलं, इथे खोतांचा जुना वाडा कुठे आहे, आतून कसा आहे, माजघर केवढं आहे. तिने हात न थांबवता मानेनेच वरची बाजू दाखवली. म्हणाली, "घर वर हाय. आमी कुळं. त्यांच्या ओटीवर आमी कधी चढलो नाय. आत कसा हाय, मला काय ठावं?"

मी तिथेच उभी राहिले. मला ओटी, पडवी, माजघर, देवघर सगळं तोंडपाठ होतं, पण वाचताना मी कायम ओटीवर बसून खळ्याकडे बघत होते. खळ्यातून ओटी कशी दिसते, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. लेखकाचा दोष नाही हा. ज्याला जे दिसलं ते त्याने जीव ओतून लिहिलं. वाचणारी मी होते.

म्हणून तुला सांगते, पुस्तकात जे घर असेल त्याच्यासमोर उभी राहा आणि लिहिणारा कुठे उभा होता ते ओळख. मग तिथून खाली उतर. खोती म्हणजे काय ते नीट समजून घे : सरकारचा सारा गोळा करायचा हक्क पिढ्यानपिढ्या एका घराकडे, आणि कुळाचं पीक, श्रम, पुष्कळदा मानही त्या घराच्या मुठीत. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली या खोतीविरुद्ध संप केला, तो सहा वर्षांच्या घरात चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. खेडहून वाकडी वाट होईल, पण 'खोत' हातात असताना तिथे जाऊन यावंस असं मला मनापासून वाटतं.

दुसरं पुस्तक रत्नागिरीसाठी. उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३ सालचं आत्मकथन. त्यांचं फणसवळे रत्नागिरीपासून जवळ आहे. आयदान म्हणजे बांबूच्या सुपं-टोपल्या, लेखिकेची आई त्या विणायची. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका पहिल्याच पानांत भेटतात. त्या भागात एसटीच्या खिडकीतून चढण दिसली की गाडी किती गिअर बदलते ते ऐक, आणि तेच अंतर अनवाणी मोज. बाजारात सुपं मांडून बसलेली कुणी दिसली तर एक सूप विकत घे. घासाघीस करू नकोस. कडेला पट्टी कशी वळवून बांधली आहे त्यावरून बोट फिरव.

तिसरं, जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. दळवी आरवलीचे. हे पुस्तक मनात वाचू नकोस, मोठ्याने वाच. त्याआधी दोन दिवस एसटीत, मासळीबाजारात मालवणी नुसती ऐक. हेल कानात बसला की पानावरची माणसं आपोआप बोलायला लागतात. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात, ही श्रद्धा. चपलांचे तळ बघ. मात्र पुस्तकातला अमुक माणूस इथलाच ना, असं कुणालाही विचारू नकोस. ती माणसं तिथे राहतात, त्यांना आपण पात्र आहोत असं वाटता कामा नये.

खानोलकरांचं 'कोंडुरा' तू यादीत घातलंयस. ते परत आल्यावर वाच. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा आहे, तिथे आधी नुसती बस, लाटांचा आवाज घेऊन ये.

आणि दिवसा वाचू नकोस. उजेड असेतो पाय आणि डोळे, कंदील लावायच्या वेळेला पुस्तक. फेरीबोटीत तर पुस्तक पिशवीबाहेर काढूच नकोस, दाभोळहून धोपाव्याला जायला किती वेळ लागतो असा! पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ, इथल्या दमट हवेत पानं चार दिवसांत फुगतात.

'आयदान' विकत घेऊ नकोस, माझ्याकडे आहे. खेडला उतरलीस की आधी इकडे ये, जेवून जा. माझ्या प्रतीत समासात पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या आधी खोडून ठेवते.

तुझ्या,
बाई