भाताच्या खाचरात पाणी किती आणि कधी?

प्रश्न : लावणीला तीन आठवडे झाले. पहिल्या दिवसापासून खाचर भरलेलं आहे, तरी रोपं पिवळी दिसतात आणि फुटवे येत नाहीत. युरिया वाढवू का?

उत्तर : युरियाला हात लावण्याआधी एक चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा जुडगा, मुळासकट उपटा, मुळं धुवा आणि नीट बघा. मुळं पांढरी किंवा विटकरी असतील तर ती निरोगी आहेत. काळी पडली असतील आणि नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चिखलात हवाच उरलेली नाही. अशी मुळं खत उचलत नाहीत, युरिया फुकट जाईल. आधी पाणी काढा आणि जमीन दोन-चार दिवस वाफशाकडे, म्हणजे ओल आहे पण पाणी तुंबलेलं नाही अशा स्थितीकडे, येऊ द्या.

भाताला पाणी लागतं, पण कायम तुंबलेलं नव्हे. पानातली हवा मुळांपर्यंत नेणाऱ्या पोकळ्या त्याच्या खोडात असतात, म्हणून ते पाण्यात तग धरतं. खाचरात पाणी साठवण्याचा मोठा फायदा तण दबण्याचा आहे. म्हणून लावणीनंतरचे दहा-पंधरा दिवस पातळ थर ठेवा, रोपं रुजू द्या. पुढे खाचर आलटून पालटून भरा आणि सुकू द्या. त्यासाठी एक हातभर पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडा, तो भाग जमिनीत पुरा आणि आतली माती काढा. पाइपातलं पाणी जमिनीच्या १५ सेंमी खाली गेलं की पुन्हा ५ सेंमी भरा. पाणी वाचतं आणि खाचरातून सुटणारा मिथेन वायूही कमी होतो. फुलोऱ्याच्या आधी-नंतरचा एकेक आठवडा मात्र ५ सेंमी पाणी हवंच. त्या वेळी ताण बसला तर दाणे पोचट राहतात आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. पावसावरच शेती असेल, पुन्हा पाणी मिळायची खात्री नसेल, तर हा प्रयोग करू नका.

मुळं चांगली असूनही पिवळेपणा असेल तर पानं तपासा. जुनी पानं शेंड्याकडून सारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. युरियाचा ठरलेला हप्ताच द्या, पाणी काढून, आणि २४ तासांनी पुन्हा भरा. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आणि वाढ खुंटलेली असेल तर तो जस्ताच्या कमतरतेने होणारा खैरा रोग. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना गाळून फवारा.

प्रश्न : रोपवाटिकेतली रोपं ४० दिवसांची झाली. आता लावावी का?

उत्तर : दुसरी रोपं नसतील तर लावा. जून रोपांना फुटवे कमी येतात, म्हणून एका चुडात चार-पाच रोपं घ्या आणि अंतर थोडं कमी ठेवा. खोली २-३ सेंमीच. खोल रोवलं की फुटवे आणखी घटतात.

प्रश्न : भरडताना तांदळाची कणी फार होते.

उत्तर : कापणी लांबली की हेच होतं. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा, पाणी त्याआधी दहा दिवस तोडा. वाळलेला दाणा दवाने ओला होऊन पुन्हा वाळला की आतून चिरतो, म्हणून कापलेलं भात शेतात पसरून ठेवू नका. कडक उन्हात पातळ थरात घाईनेही वाळवू नका. थर मधूनमधून हलवत ओलावा १४ टक्क्यांवर आणा.