मांजरीने ओरखडल्यानंतर मुलीच्या काखेत गाठ आली. बार्टोनेलाची तपासणी १:१२८ आली आहे, तर निदान पक्के समजावे का?

आपण लिहिले आहे की जुळे सोलापुरातील घरी मांजरीचे पिल्लू आणल्यानंतर काही आठवड्यांनी मुलीच्या काखेत गाठ आली, रिपोर्टमध्ये बार्टोनेला हेन्सेले या मांजरीच्या ओरखड्यातून आजार देणाऱ्या जिवाणूचे आयजीजी १:१२८ आणि आयजीएम निगेटिव्ह आहे (ही शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची दोन रूपे), आणि एक डॉक्टर थांबायला सांगत असताना दुसरे क्षयरोगाची औषधे सुरू करू म्हणतात. मी सोलापुरातच एका प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते, म्हणून या आकड्याबद्दल नीट लिहिते. उपचारांचा निर्णय मात्र मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

या एका आकड्यावरून आजार आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. या तपासणीत काचपट्टीवर बसवलेल्या जिवाणूंवर रुग्णाच्या रक्तातील सीरम टाकतात आणि ते दर वेळी दुप्पट पातळ करत नेतात. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसते, तो आकडा रिपोर्टवर येतो. आयजीजी १:६४ पेक्षा कमी असेल तर सध्याच्या संसर्गाची शक्यता कमी मानतात, १:२५६ च्या वर असेल तर चालू किंवा नुकत्याच होऊन गेलेल्या संसर्गाकडे जोरदार निर्देश असतो, आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या मुलीचा आकडा आहे तिथे, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा रक्त तपासावे असे सांगितले जाते. मांजरींच्या सहवासात राहिलेल्या माणसांत जुन्या संपर्कामुळेही आयजीजी सापडते. आयजीएम निगेटिव्ह आल्याने आजार नाकारला जात नाही, कारण ते थोडाच काळ टिकते आणि गाठ लक्षात येईपर्यंत ओसरलेले असू शकते. शिवाय बार्टोनेला क्विंटाना या भावंड जिवाणूची प्रतिपिंडेही याच तपासणीत चमकू शकतात.

दुसऱ्या नमुन्यात आकडा चौपट झाला, म्हणजे १:१२८ चा १:५१२ झाला, तर त्याला खरा अर्थ आहे. १:१२८ चा १:२५६ झाला तर ती केवळ एक पायरी आहे आणि तेवढा फरक तपासणीच्या स्वाभाविक चढउतारातही पडतो. म्हणूनच दुसरा नमुना त्याच प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि पहिले सीरम जपून ठेवले असल्यास दोन्ही एकाच वेळी लावण्याची विनंती करावी. सोलापुरात रक्त घेऊन नमुना बाहेरगावी पाठवला जात असेल, तर पहिला नमुना कुठे गेला होता हे रिपोर्टवर पाहून घ्या. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते.

आता क्षयरोगाचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही आजारांत गाठीमध्ये ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, दिसतात, त्यामुळे सुईने काढलेल्या नमुन्याच्या रिपोर्टमध्ये केवळ ‘ग्रॅन्युलोमॅटस’ असा शब्द आला म्हणून कित्येक महिन्यांची औषधे सुरू करणे मला पटत नाही. मात्र घरात मांजर आहे एवढ्यावरून आपल्याकडे क्षयरोग बाजूला सारणेही तितकेच चुकीचे आहे. गाठीतून सुईने नमुना घेण्याचे ठरले, तर तो आधीच वाटून घेण्यास सांगा: एक भाग पेशीतपासणी आणि झेड-एन स्टेनसाठी (क्षयरोगाचे जिवाणू रंगवून पाहण्यासाठी), एक सीबीनॅट (क्षयरोगाच्या जिवाणूंचा डीएनए शोधणारी तपासणी) व क्षयरोगाच्या कल्चरसाठी (जिवाणू वाढवून पाहण्यासाठी), आणि शक्य असल्यास एक बार्टोनेलाच्या पीसीआरसाठी (त्याचा डीएनए शोधण्यासाठी). क्षयरोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. पीसीआर आणि कल्चरचा भाग फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या रसायनात) घालू नये, कारण फॉर्मालिनने जिवाणू मरतात आणि डीएनएही खराब होतो. सगळाच नमुना एका बाटलीत गेला तर ही संधी हातची जाते. पीसीआरसाठी गाठीतील पू किंवा ऊती रक्तापेक्षा अधिक उपयोगी असतात, कारण प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या मुलांच्या रक्तात हा जिवाणू क्वचितच हाती लागतो.

बार्टोनेलाच्या कल्चरचा आग्रह आपल्या मुलीसाठी मी धरणार नाही. हा जिवाणू फार सावकाश वाढतो आणि प्लेट किमान तीन आठवडे ठेवाव्या लागतात, तर नेहमीचे ब्लड कल्चर साधारण पाच दिवसांत बंद करतात. त्यामुळे तसा निगेटिव्ह रिपोर्ट या आजाराबद्दल काहीच सांगत नाही.

आजार मांजरीमुळेच असेल, तर गाठ बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप बसते. काही डॉक्टर पाच दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, त्याने ती लवकर लहान होते. परंतु ताप लांबला, पोटात दुखू लागले, एका डोळ्याने धूसर दिसू लागले किंवा मुलीला आधीपासून हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता लगेच दाखवा.

ओरखड्यानंतर रेबीजची लस घेतली नसेल, तर आजच डॉक्टरांना तसे सांगा. त्या लसीचा या रिपोर्टशी काही संबंध नाही आणि तिच्यासाठी कोणत्याही तपासणीची वाट पाहायची नसते. पिल्लाचे रक्त तपासून काही हाती लागणार नाही, कारण निरोगी दिसणाऱ्या मांजरींच्या रक्तातही हा जिवाणू असतो. मांजरींमध्ये तो पिसवांमुळे पसरतो आणि पिसवांची विष्ठा नखांत अडकून ओरखड्यातून माणसात जातो, म्हणून पशुवैद्यांकडून पिसवांचे औषध घ्यावे आणि नखे कापून घ्यावीत. पिल्लाला घराबाहेर काढण्याची गरज नाही.