मॉरिशसमध्ये भारतीय खाणं इतकं कसं रुजलं?

तिथल्या रस्त्यावर मिळणाऱ्या धोल पुरीचंच, म्हणजे डाळ भरलेल्या पोळीचंच घ्या. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांत बिहारकडचे भोजपुरी लोक खूप होते, ही धोल पुरी म्हणजे त्यांचीच दालपुरी. (मराठी माणसंही गेली, पण पुरणपोळी काही रस्त्यावर आली नाही!) मैद्याच्या मऊ पोळीत शिजवून कोरडी वाटलेली डाळ, हळद, जिरं. म्हणजे गुळाविना पुरणपोळीच की. पण आत भरतात मोठ्या वालांचा रस्सा आणि टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा), ही रुगाय मात्र क्रिओल, म्हणजे तिथल्या आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातली. वर मिरचीची चटणी. जोडीनं, कागदात गुंडाळून मिळते. सणालग्नाचं घरचं खाणं गाडीवर आलं, आणि आता हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल सगळेच तिच्यासाठी रांगेत उभे असतात.