के-पॉपमध्ये नवीन आहेस? ‘ड्रीम’पासून सुरू कर

के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप संगीत, नुसता धांगडधिंगा वाटत असेल, तर गायिका सुझी आणि गायक बेकह्यून यांचं जानेवारी २०१६ मधलं ‘ड्रीम’ हे युगुलगीत लाव. हेडफोनवरच. मोबाईलच्या स्पीकरवर ती जॅझच्या अंगाने जाणारी साथ पार हरवते. शब्दांचा अर्थ नंतर शोध, आधी आवाज ऐक. सुझी गप्पा मारल्यासारखी हलकं गाते. बेकह्यून त्याच्या एक्सो या बॉय बँडमध्ये वरच्या पट्टीत भिडणारा गडी, पण इथे आवाज मुद्दाम मऊ ठेवतो. कुणीच कुणावर कुरघोडी करत नाही, गुंगी येते ती त्यामुळेच. व्हिडिओ शेवटी बघ, नाहीतर चेहऱ्यांवरच अडकशील (सुझी आहे, इलाज नाही!). आवडलं तर सोयू आणि जंगीगोचं २०१४ चं ‘सम’ ऐक; त्यात स्वप्नाळूपणा कमी, लाडीगोडी जास्त.