अक्षरं येतात, वाचता येत नाही

प्रश्न: दुसरीची मुलं ए-बी-सी घडाघडा म्हणतात, पण ‘हॅट’ वाचता येत नाही. काय करू? (शिक्षिका, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर: बाई, अक्षरांची नावं थोडी बाजूला ठेवा. ‘एच’ म्हणताना ‘ह’ ऐकूच येत नाही, मग लेकरू वाचणार कसं? आवाज शिकवा: ह्, ॲ, ट्, जोडून हॅट. मग कॅप, सॉक. ‘शर्ट’ नंतर, तिथं एस-एच मिळून एकच ‘श’ होतो.

वर्गात दोरी बांधून खरे कपडे टांगा. कापूस वेचताना आई लुगड्यावर घालते तो जुना शर्टही आणू द्या. ‘ओल्ड शर्ट’ लगेच तोंडी बसतं. आपल्याकडे पिवळा सदरा, पिवळी टोपी. इंग्रजीत ‘यलो’ दोन्हीकडे तसाच. मुलांना हे फार आवडतं. स्पेलिंग मात्र एवढ्यात पाठ करायला लावू नका.