विद्यापीठ निवडतेस तेव्हा त्याचा शेजारही बघ

मयूरी,

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजातलं शेवटचं वर्ष, हातात दोन प्रवेश: एक लंडनच्या नावाजलेल्या विद्यापीठाचा, एक इथल्या, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठाचा, म्हणजे टीयूईचा. बाबा म्हणतात, नाव मोठं आहे ते घे, गावाशी काय करायचंय? आणि तू विचारतेस, विद्यापीठामुळे आजूबाजूचा भाग वर येतो म्हणतात, मग पवईत आयआयटी असून मुंबईला काय मिळालं?

मला इथे अकरा वर्षं झाली. माझं मत आधीच सांगते: गावाशी खूप करायचंय. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या माणसाला झेलायला शेजारी कोण आहे, यावर तुझी पुढची दहा वर्षं ठरतील.

आइंडहोव्हनची वस्ती अडीच लाखांच्या आसपास, आपल्या मुलुंडच्या टी वॉर्डापेक्षाही कमी. इथे विद्यापीठ आधी आलं आणि मग उद्योग आले, असं झालेलं नाही. आधी फिलिप्स आली, १८९१ मध्ये, दिव्यांचे बल्ब बनवायला. १९१४ मध्ये तिने स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली. टीयूई त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९५६ साली सुरू झालं, कारण इथल्या कारखान्यांना इंजिनिअर हवे होते. मग १९९० च्या सुमारास फिलिप्स संकटात सापडली, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. १९९३ मध्ये ट्रक बनवणारी डाफ दिवाळखोरीत गेली. पुढे फिलिप्सने मुख्य कार्यालयही ॲमस्टरडॅमला हलवलं. गिरणगाव बसलं तेव्हा लालबाग-परळची काय अवस्था झाली ते आपण घरातून ऐकलंय. इथले म्हातारे सहकारी त्या वर्षांबद्दल तशाच आवाजात बोलतात.

तरी हे गाव उठलं. फिलिप्स आकसली तरी तिच्यात तयार झालेली माणसं आणि यंत्रशाळा इथेच राहिल्या. चिप छापायची यंत्रं बनवणारी एएसएमएल ही १९८४ मध्ये फिलिप्सच्याच भागीदारीतून निघाली, ती आज शेजारच्या फेल्डहोव्हनमध्ये आहे. फिलिप्सची जुनी यंत्रशाळा २००६ मध्ये व्हीडीएल समूहाने घेतली आणि आता ती एएसएमएलसाठी भाग बनवते. फिलिप्सने आपल्या संशोधन परिसराचं दार २००३ मध्ये इतर कंपन्यांना उघडलं. या सगळ्यात विद्यापीठाने एकच काम सातत्याने केलं: दरवर्षी नवी, शिकलेली माणसं या साखळीत सोडली. इथे मास्टर्सचा शेवटचा प्रकल्प अनेक मुलं कंपनीतच करतात. कंपनीत नोकरी करणारे लोक आठवड्यातला एखादा दिवस विद्यापीठात प्राध्यापक असतात. दोन वर्षांचा ईएनजीडी नावाचा अभ्यासक्रम आहे, तो पगारी आहे आणि त्यात उद्योगासाठी प्रत्यक्ष डिझाइन करावं लागतं. पीएचडीसुद्धा इथे साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. म्हणजे तुझं संशोधन कुणाला तरी हवं असतं, तू पदवी घेण्याच्या आधीपासूनच.

विद्यापीठातून निघालेली प्रत्येक कंपनी टिकते असं मात्र समजू नकोस. टीयूईच्या विद्यार्थ्यांच्या सौरगाडीच्या चमूने ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत प्रवासी गाड्यांचा गट पुन्हा पुन्हा जिंकला. त्यातूनच २०१६ मध्ये लाइटइयर ही कंपनी निघाली, पण २०२३ च्या जानेवारीत तिची गाडी बनवणारी शाखा दिवाळखोरीत गेली. माझी एक मैत्रीण तिथे होती. दोन महिन्यांत तिला नवं काम मिळालं, घर बदलावं लागलं नाही, मुलीची शाळाही तीच राहिली. भरवशाचा शेजार म्हणतेय तो हा. कंपनी बुडाली तरी माणूस बुडत नाही.

आता पवईचं. मुंबईला काही मिळालं नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडे याचं सगळ्यात जुनं उदाहरण तर तुझ्या कॉलेजच्या शेजारीच आहे. माटुंग्याचं यूडीसीटी, आताचं आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान शिकवणारं कॉलेज, १९३३ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे दोन शाखा होत्या: वस्त्र रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरण्यांना रंगकाम आणि प्रक्रिया जाणणारे लोक हवे होते. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा तिथे माटुंग्याची मुलं होती. माझे बाबा त्याच पट्ट्यातल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांचे सगळे साहेब यूडीसीटीचे. आमचं घर त्या संस्थेच्या जोरावर चाललं, हे मला मोठं झाल्यावर कळलं. त्याच यूडीसीटीत शिकलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये हैदराबादला डॉ. रेड्डीज उभी केली. शिकवलं मुंबईने, कारखाना वाढला हैदराबादला. ज्ञान रेल्वेच्या पासासारखं एका मार्गापुरतं नसतं, जिथे जागा, भांडवल आणि सोबत मिळते तिकडे जातं.

आयआयटी १९५८ ची. तिथल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, वाढलेली आयडियाफोर्ज आज महापेत ड्रोन बनवते. महापे म्हणजे तोच ठाणे-बेलापूर पट्टा! बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मुंबईचा प्रश्न माझ्या मते जागेचा आहे. गिरण्या बंद पडल्या तिथे मॉल आणि टॉवर आले, छोट्या वर्कशॉपला परवडेल अशी जागा शहरात फारशी उरली नाही. पवईत घर घेणं तर तिथून शिकून निघालेल्या मुलालाही जड जातं. हे मला मनापासून टोचतं, कारण शिकलेली माणसं आपल्याकडे कमी नव्हती.

आइंडहोव्हनही याच वाटेने निघालंय, म्हणून डोळे उघडे ठेवून ये. उद्योग वाढले, माणसं आली, घरं नाहीत. मार्च २०२४ मध्ये डच सरकारने या भागातल्या शिक्षण, रस्ते, वीज आणि घरांसाठी अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली, एएसएमएल बाहेर जाईल की काय अशी धास्ती असताना. मी आले तेव्हा एका एजंटला खोली न बघता आगाऊ पैसे पाठवले आणि ते बुडाले. तू असं करू नकोस. प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी विद्यापीठाच्या निवासासाठी नाव नोंदव, सप्टेंबरपर्यंत थांबू नकोस.

खर्च: युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास, आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा. लंडनचा बहुधा एका वर्षात संपतो, हा फरक बाबांना नीट मांडून दाखव. पदवीनंतर इथे एक वर्ष नोकरी शोधायला मिळतं, त्याला झूकयार म्हणतात, आणि ते पदवीनंतर तीन वर्षांच्या आत वापरता येतं. डच भाषा पहिल्या महिन्यापासून शीक. ऑफिसमध्ये इंग्रजी चालतं, पण छोट्या पुरवठादार कंपन्यांत डच येणाऱ्याला आधी बोलावतात, आणि नवशिक्याला खरं काम तिथेच शिकायला मिळतं.

लंडनला नकार दे असं मी म्हणत नाही. तुला वित्त किंवा सल्लागारीकडे वळायचं असेल तर लंडनच घे, तिथला शेजार त्या कामाचा आहे. पण तू लिहिलंयस की तुला मशीन बनवायचंय. मग हे कर: दोन्हीकडच्या तुझ्या विभागातल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या मास्टर्स प्रबंधांची यादी काढ, किती प्रबंध कंपनीसोबत झालेत ते मोज आणि त्या कंपन्या विद्यापीठापासून किती किलोमीटरवर आहेत ते नकाशावर बघ. यादी तयार झाली की मला पाठव. रविवारी तुमच्या दुपारी बाबांनाही फोनवर बसव, तिघं मिळून बघू.

मीनलताई